वरचं दूध, पितळी पातेलं आणि रक्तातला वारसा



आज ज्या आजाराबद्दल मी बोलणार आहे, तो या सभागृहातल्या साठीपुढच्या मंडळींनी आपल्या नाहीतर शेजारच्या घरात पाहिलेला असेल. तिशीच्या आतल्यांनी बहुधा त्याचं नावही ऐकलेलं नसेल. दीड-दोन वर्षांचं, बाळसं धरलेलं मूल हळूहळू किरकिरं होई. खाणं कमी, अंग अधूनमधून कोमट, आणि पोट वाढू लागे. हातपाय वाळत आणि पोट तेवढं पुढे येई. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला की यकृताची कडा बोटांना लागे, कडक आणि धारदार. गावाकडे लोक सांगत, ‘पोराला लिव्हर झालंय.’ कोणी पोटावर चटके देत, कोणी बिब्बा घालत, कोणी कावीळ उतरवायला नेत. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं की पुढे काही महिन्यांत मूल जाई. वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराचं नाव आहे ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’, म्हणजे भारतीय बालकांचा यकृत-काठिण्याचा आजार.

आणि तो एका मुलावर थांबेलच असं नसे. एकाच घरातली दोन, कधी तीन मुलं त्याच वयाला येऊन त्याच वाटेने गेलेली असत. तिथून माणसं एकच निष्कर्ष काढत: हे रक्तातलं आहे. आणि रक्तातलं म्हणजे कोणाच्या? आईच्या. ‘हिच्या पोटचं जगत नाही’ असं म्हणून माहेरी पाठवलेल्या बायका आणि त्यामुळे मांडव पडलेली दुसरी लग्नं मराठवाड्याने बघितली आहेत. माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा रोख या एका वाक्यावर आहे. ते वाक्य चूक होतं, हे मला दाखवायचं आहे. पण ते पूर्ण निराधार होतं असंही म्हणता येणार नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

या आजाराची वैद्यकीय नोंद १८८७ सालची. बंगालमधल्या सेन या डॉक्टरांनी ती केली. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं कारणाचा शोध चालला. कुपोषण म्हणावं तर ही मुलं बऱ्याचदा खात्यापित्या घरची. विषाणू म्हणावा तर तो सापडत नव्हता. आनुवंशिक म्हणावं तर मेंडेलच्या साध्या हिशेबात घराण्यांचे आकडे बसत नव्हते. आजार गावांत जास्त, मध्यमवर्गीय हिंदू कुटुंबांत जास्त, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. या प्रत्येक निरीक्षणात उत्तराचा एकेक तुकडा होता, पण ते तुकडे जुळत नव्हते.

कोडं उलगडायला सुरुवात झाली ती पुण्यात. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे या आजाराच्या मुलांवर उपचार करत होते. इंग्लंडमधले बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर त्यांच्यासोबत होते. १९७८ साली या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवले तेव्हा पेशींमध्ये गडद कण दिसले. प्रथिनांशी बांधलेलं तांबं असंच दिसतं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये मोजमाप आलं. निरोगी माणसाच्या यकृतात, वाळवून वजन केलं तर, दर ग्रॅमला साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते शेकड्यांत आणि हजारांत होतं. माणसाच्या यकृतात इतकं तांबं क्वचितच कोणत्या दुसऱ्या आजारात सापडतं.

मग प्रश्न आला, तान्ह्या बाळाच्या पोटात तांबं येतं कुठून? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळणारं नव्हतं, त्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागलं. आयांना विचारलं गेलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कसलं? कशात तापवलं, कशात ठेवलं? १९८३ साली पंडित, भावे, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं जनावराचं दूध, तेही आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत दिलेलं, हा या आजाराचा मार्ग असावा. आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांच्या आहाराची तुलना १९८७ साली प्रसिद्ध झाली, आणि फरक ठळक निघाला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं होतं आणि ते पितळेत तापलं-साठवलं होतं.

इथे भांड्यांबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. पाणी पितळेत ठेवलं तर त्यात तांबं थोडंच उतरतं. दुधाचं वेगळं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं आणि भांड्यातून आणखी ओढत राहतं. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत त्याच पातेल्यात राहिलं, पुन्हा तापवलं, संध्याकाळी त्यातलंच बाळाला पाजलं, तर बाळाच्या वाट्याला प्रत्येक वेळी थोडं अधिक तांबं येतं. जुन्या लोकांना भांड्याचा हा दोष माहीत होता. म्हणून तर कल्हई होती. नवसागराने भांडं लख्ख करून, तापवून, त्यावर कथलाचा पातळ थर फिरवणारा कल्हईवाला गावोगाव येई. तो थर शाबूत असेपर्यंत दूध तांब्याला भिडत नाही. पण कथील महाग झालं, कल्हईवाल्याच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि घासून घासून कल्हई उडालेली पातेली, कासंड्या, चरव्या तशाच वापरात राहिल्या. आंबट ताक कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नये, ते कळकतं, हे प्रत्येक घरात ठाऊक होतं. दूध मात्र कळकत नाही. चव बदलत नाही, रंग बदलत नाही, म्हणून कोणाला संशय आला नाही.

आता मुलग्यांकडे येऊ. मुलगा झाला की त्याला ‘चांगलं’ मिळावं म्हणून घरच्या म्हशीचं नाहीतर गाईचं दूध लवकर सुरू व्हायचं. आपला भाग तर दुधाचा. लातूरची देवणी आणि नांदेडच्या कंधारची लाल कंधारी या आपल्या मातीतल्या गाई. ज्याच्या दावणीला जनावर आहे, ज्याच्या फडताळात पितळ आहे, त्याच्याच घरी हा आजार यायचा. भूमिहीन मजुराच्या बाळाला वरचं दूध परवडत नसे, ते आईच्या अंगावरच वाढे, आणि या एका आजारापासून तरी वाचे. खात्यापित्या घरची मुलं का, याचं उत्तर हे आहे. पोराला जे प्रेमाने दिलं त्यातूनच ते गेलं, ही गोष्ट त्या आयांना सांगताना डॉक्टरांना किती जड गेलं असेल याची मी कल्पना करू शकतो.

पण मग वयाचं काय? मोठी माणसं तेच दूध पीत होती, त्यांना काही झालं नाही. आईचं दूध तांब्याच्या बाबतीत मुळातच पातळ असतं. म्हणून निसर्गाने सोय केली आहे: गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाळाचं यकृत तांब्याचा साठा करून घेतं. आपल्याकडे सुगीला ज्वारीचं पेव भरत आणि मग वर्षभर त्यातलं काढून खात, तसं. नवजात बाळाच्या यकृतातलं तांबं इतकं असतं की मोठ्या माणसात ते सापडलं तर आपण त्याला आजारी म्हणू. हा साठा पुढच्या काही महिन्यांत वापरला जाऊन उतरतो. जादा तांबं बाहेर टाकायची वाट एकच, पित्तातून, आणि तान्हेपणी ती पुरती उघडलेली नसते. भरलेल्या पेवात रोज आणखी ओतत राहिलं तर काय होईल? यकृताच्या पेशी मरू लागतात, त्यांच्या जागी चट्टे धरतात, आणि यकृत कडक होत जातं.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, कारण सापडलं, विषय संपला. मला वाटतं, खरा विषय इथून सुरू होतो.

एकाच गल्लीत, एकाच पद्धतीच्या पातेल्यात तापलेलं दूध पिऊन शंभर मुलं वाढली. त्यांतलं एखादंच आजारी पडलं. पितळ घरोघर होतं, आजार घरोघर नव्हता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी १९९४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथल्या तीन गावांच्या नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं. सुमारे चौसष्ट हजार बालक-वर्षांच्या हिशेबात यकृताच्या आजाराने एकही लहान मूल दगावलेलं आढळलं नाही. म्हणजे नुसतं तांबं पुरत नाही. तांबं सहन न होणारं शरीरही असावं लागतं. असं शरीर घराण्यातून येतं का?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातलं आहे. आल्प्सच्या तिथल्या खोऱ्यांमध्ये १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं हुबेहूब आपल्यासारख्या आजाराने गेली. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवून बाळांना देत. इन्सब्रुकच्या थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली त्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या. आजार अप्रकट जनुकाच्या नियमाने चालला होता: आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच मूल आजारी. भांडी बदलली आणि आजार संपला. जनुक तिथेच, त्याच खोऱ्यांत, त्याच माणसांत राहिलं. तिथली मुलं आज त्या जनुकासह निरोगी वाढतात.

टायरॉलच्या या निष्कर्षाने आपल्याकडच्या जुन्या निरीक्षणांना अर्थ आला. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या रीतींमधला दुवा आहे असं दाखवलं, आणि त्यात मामे-आते भावंडांच्या लग्नाची रीत महत्त्वाची ठरते. नांदेडचे देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि लातूरचे उदगीर, निलंगा, देवणी हे तालुके तेलंगण-कर्नाटकाला खेटून आहेत. तिथे ही रीत अधिक, काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. हिशेब असा: मामे-आते भावंडांचं लग्न झालं, तर त्यांच्या मुलाला एकाच पूर्वजाची एकच प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता कोणत्याही एका जनुकाच्या जागी सोळात एक, मामा-भाचीच्या लग्नात आठात एक. अप्रकट दोष असा दोन्हीकडून एकत्र येतो, तेव्हाच उघडा पडतो.

पण याच मराठवाड्यातलं दुसरं निरीक्षण शेजारी ठेवा. मुस्लीम कुटुंबांत जवळच्या नात्यातली लग्नं हिंदूंपेक्षा जास्त, तरी हा आजार त्यांच्यात क्वचितच दिसे. जुन्या डॉक्टरांनी हे वारंवार नोंदवून ठेवलं आहे. त्यांच्या घरी तांब्याची भांडी कल्हई करून वापरण्याची रीत पक्की होती. नुसतं जनुक घेऊन काही होत नव्हतं, नुसतं पितळ घेऊनही होत नव्हतं. दोन्ही एका बाळात भेटले की घात होई.

मग ते जनुक कोणतं? १९९३ साली विल्सनच्या आजाराचं जनुक सापडलं, एटीपी-सेव्हन-बी, तेराव्या गुणसूत्रावर. तेही तांब्याचंच जनुक, यकृतातून पित्तात तांबं ढकलणारं. साहजिकच पहिला संशय त्याच्यावर गेला. टायरॉलच्या बाबतीत १९९८ साली स्पष्ट झालं की हे ते नव्हे. २००२ साली बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत तांबं साठवणारा दोष कॉमडी-वन या जनुकात सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी आशेने आपल्या मुलांकडे पाहिलं. पुढच्याच वर्षी तेही दार बंद झालं. मुलांमध्ये ते जनुक निर्दोष होतं. आणि मधल्या काळात आजारच नाहीसा होत चालला होता. तपासायला नवी मुलं उरली नाहीत. शास्त्राच्या इतिहासात असं फार वेळा घडत नाही की आजार गेला आणि त्याचं जनुक अजून सापडायचंच आहे.

आजार गेला कसा? पुणे जिल्ह्यातल्या गावांत बायकांना सांगितलं गेलं: बाळाला अंगावरचं पाजा, वरचं द्यावंच लागलं तर स्टीलमध्ये नाहीतर ॲल्युमिनियममध्ये तापवा. या प्रतिबंधाच्या कामाचा अहवाल १९९२ साली आला. जी मुलं आधीच आजारी होती त्यांना डी-पेनिसिलामिन हे तांबं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध दिलं गेलं. कावीळ होण्याआधी ते सुरू झालं तर मुलं तगत. १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर आणि त्याच पुण्याच्या चमूने दाखवलं की तगलेली मुलं वर्षानुवर्षं चांगली राहिली आणि त्यांची यकृतं सावरली. जो आजार म्हणजे मृत्यूच असं शंभर वर्षं मानलं गेलं, त्यातून पोरं शाळेत जाऊ लागली. महाराष्ट्रात झालेल्या वैद्यकीय संशोधनात मला याहून मोठं काम फारसं माहीत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक परिच्छेदही नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विरोधी मतही सांगायला हवं. विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक आणि ए. आर. चितळे यांनी २०१३ साली लिहिलं की तांबं हे कारण नसून यकृत बिघडल्याचा परिणाम असू शकतो. त्यांच्याकडे अशी मुलं होती ज्यांच्या घरी पितळेचा संबंध दिसत नव्हता. स्टीलची भांडी तशीही साऱ्या देशात आलीच होती, म्हणून आजाराच्या ओहोटीचं सगळं श्रेय एका सल्ल्याला देता येत नाही, हा मुद्दाही योग्य आहे. तरी पेनिसिलामिनने तांबं काढलं की मूल तगतं आणि टायरॉलमध्ये भांडं बदललं की साथ थांबते, या दोन गोष्टी माझ्या मते तराजू तांब्याच्या बाजूने झुकवतात.

आता ते वाक्य. ‘हिच्या पोटचं जगत नाही.’ घराण्याचा भाग त्यात होता, हे खरं. पण अप्रकट जनुकाची एक प्रत आईकडून येते तशी दुसरी वडिलांकडून येते. नवऱ्याचा वाटा बरोबर निम्मा. मामाच्या मुलीशी लग्न करून दिलं असेल तर दोघांनाही ती प्रत बहुतेक एकाच आजा-आजीकडून आली. सून परक्या घराण्यातला दोष घेऊन आली असं म्हणायला जागाच राहत नाही. आणि दूध कशात तापवायचं हे तर तिने ठरवलंच नव्हतं. भांडी सासूच्या ताब्यात, जनावर सासऱ्याच्या, पैसा नवऱ्याच्या. ज्या बायकांना या आजाराच्या नावाने घराबाहेर काढलं, त्यांच्यातल्या काही अजून हयात असतील. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट कोणीतरी पोचवावी, असं मी या व्यासपीठावरून कळकळीने सांगतो.

आज आपल्या दवाखान्यांत यकृताची जी मुलं येतात त्यांत विल्सनचा आजार आहे, आणि तिथे हाच हिशेब रोज करावा लागतो. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन बरी’ असा याचा अर्थ अनेक घरी घेतला जातो. तसं नाही. नाणं प्रत्येक वेळी नव्याने फेकलं जातं. म्हणून विल्सनचं एक मूल सापडलं की त्याच्या प्रत्येक भावंडाची तपासणी करावी, ते कितीही ठणठणीत दिसो: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं कडं. युरोपात या जनुकातला एक विशिष्ट बदल पुष्कळ रुग्णांत सापडतो, आपल्याकडे तो जवळजवळ नसतोच. इथे बदल अनेक आणि विखुरलेले आहेत. परदेशी यादी घेऊन केलेली चाचणी ‘काही नाही’ म्हणाली, तर तेवढ्यावर विसंबू नये. आणि हा आजार वेळेवर कळला तर गोळ्यांवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात एवढंच.

जाता जाता एक काळजी. तांब्या-पितळेची भांडी पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत. तांब्याच्या बाटलीतून पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसाची मला चिंता नाही. पण ‘पारंपरिक’ म्हणून तान्ह्या बाळाचं दूध बिनकल्हईच्या पितळेत तापवू लागलेल्या घरांबद्दल मी ऐकतो आहे. आपल्या भागात नात्यातली लग्नं अजून होतात आणि ते जनुक, जे काही असेल ते, आपल्यात आहेच. ते कुठे गेलेलं नाही.

आणि त्याचा शोधही अजून शक्य आहे. पेनिसिलामिनवर वाचलेली ती मुलं आता चाळिशीच्या आसपास असतील. त्यांनाही मुलं झाली असतील. कित्येकांचे आई-वडील हयात आहेत. संपूर्ण जनुकसंच वाचण्याचं तंत्र १९९६ साली नव्हतं, आज ते आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. जुन्या केसपेपरांतून ही कुटुंबं शोधून, त्यांची संमती घेऊन, आजा-आजी ते नातवंडं अशा तिन्ही पिढ्यांचं रक्त तपासण्याचं काम इथल्या इथे सुरू करता येईल. आजच्या सभेला दोन्ही गावांतले डॉक्टर आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी आले आहेत. सभा संपल्यावर मी थांबणार आहे. ज्यांच्या आठवणीत असं एखादं घर आहे त्यांनी येऊन मला भेटावं.